आधी उपास, मग सोयरीक

पेट्री डिशच्या झाकणात आयोडीनचे चार खडे ठेवायचे आणि यीस्टच्या वसाहती वाढलेली डिश त्यावर पालथी घालायची. आयोडीनची वाफ हळूहळू वर चढते. काही मिनिटांनी डिश उचलून पाहिली की एकाच डिशमधल्या वसाहतींची सरळ दोन गटांत विभागणी झालेली दिसते. काही ठिपके गडद, काळसर तपकिरी झालेले असतात. काही मात्र तसेच फिकट पिवळे राहतात.

शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकल्यावर जे होतं, तेच इथे झालेलं असतं. या यीस्टच्या बीजाणूंमध्ये स्टार्चसारखा पदार्थ साठलेला असतो आणि तो आयोडीनने काळवंडतो. म्हणजे काळ्या वसाहतीत पेशींची जोडपी जमली, त्यांचं मीलन झालं आणि त्यातून बीजाणू तयार झाले. फिकट वसाहतीत यातलं काहीच घडलेलं नाही. अन्न तेच, हवा तीच, तापमान तेच, तरीही एका ठिपक्यात लाखो विवाह आणि शेजारच्या ठिपक्यात एकही नाही. शिवाय याच पेशी भरपूर नायट्रोजन असलेल्या खाद्यावर वाढवल्या असत्या, तर कोणताच ठिपका काळा झाला नसता.

यीस्टला मेंदू नाही, डोळे नाहीत, चेतासंस्था नाही. सारा देह एका पेशीचा, लांबी साधारण 7 ते 14 मायक्रॉन. तरीही मीलन कधी करायचं आणि कधी टाळायचं, याचा निर्णय ही पेशी फार चोख घेते. त्यासाठी तिला दोन वेगवेगळ्या साक्षी लागतात, एक भुकेची आणि दुसरी शेजाऱ्याची. एकच साक्ष मिळाली तर गाडं पुढे सरकत नाही.

या निर्णयाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो शिझोसॅकॅरोमायसिस पोंबे या यीस्टवर. स्वाहिली भाषेत पोंबे म्हणजे बिअर. पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून जर्मन शास्त्रज्ञ पाउल लिंडनर यांनी हे यीस्ट वेगळं केलं आणि 1893 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पावाच्या यीस्टला अंकुर फुटून नवी पेशी तयार होते. पोंबेची पेशी मात्र छोट्या कांडीसारखी असते. ती टोकांनी लांब होते आणि बरोबर मधोमध दुभंगते. 1940 च्या दशकात स्वित्झर्लंडचे उर्स लॉइपोल्ड यांनी तिच्या जनुकशास्त्राचा पाया घातला. त्यांनी निवडलेले 968, 972 आणि 975 हे वाण आजही जगभरातल्या प्रयोगशाळांत वापरले जातात. पेशींच्या विभाजनाचं नियंत्रण उलगडल्याबद्दल 2001 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी पॉल नर्स यांचं कामही याच पोंबेवरचं.

पोंबेचं रोजचं आयुष्य साधं आहे. पेशीत तीन गुणसूत्रांचा एकच संच असतो. खायला भरपूर असेल तर ती दर काही तासांनी दुभंगत राहते. सोळा तासांपूर्वी एक असलेली पेशी बघता बघता शेकड्यात पोचते. अशा सुगीत मीलन म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. वाढ थांबवायची, जोडीदार शोधायचा, एकमेकांत मिसळायचं, गुणसूत्रांची उलथापालथ करायची, आणि या सगळ्यात अख्खा दिवस घालवायचा. तेवढ्या वेळात न थांबता वाढणारी शेजारीण किती तरी पुढे गेलेली असते.

अन्न संपत आलं की हिशेब बदलतो. दुभंगून उपयोग नसतो, कारण नव्या पेशींना खायला काही नसतं. मीलनातून तयार होणारे बीजाणू मात्र जाड आवरणाच्या आत निजून राहतात आणि कोरडेपणा, उष्णता, उपासमार हे सगळं सोसतात. शिवाय दोन पालकांच्या जनुकांची सरमिसळ झालेली असते, त्यामुळे पुढच्या अनोळखी परिस्थितीत कुणीतरी तग धरण्याची शक्यता वाढते. म्हणून पहिली साक्ष भुकेची.

ही भूक पेशी कशी ओळखते? तिच्याकडे त्यासाठी स्वतंत्र पहारेकरी आहेत. ग्लुकोजवर नजर ठेवणारा ग्राही पेशीच्या पटलात असतो. बाहेर ग्लुकोज आहे तोवर तो आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार करायला लावतो, आणि या रेणूमुळे पीकेए हे विकर जागं राहतं. पीकेए जागं असताना मीलनाची जनुकं झोपलेली असतात. नायट्रोजनचा पहारा टॉर नावाच्या प्रथिनाकडे आहे. अमोनिया किंवा अमिनो आम्लांच्या रूपात नायट्रोजन मिळत राहिला की टॉर वाढीचा हुकूम देत राहतो. नायट्रोजन आटला की तो गप्प बसतो.

टॉरच्या शोधाची कथा प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर सुरू होते. 1964 मध्ये कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने तिथली माती गोळा केली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औषधी द्रव्य वेगळं केलं. बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्याला रापामायसिन म्हणू लागले. हे द्रव्य पेशीत नेमकं कुठे घाव घालतं, याचा शोध 1991 मध्ये बाझेलमध्ये पावाच्या यीस्टवर लागला. ते लक्ष्य म्हणजेच टॉर. याच टॉरचा भाऊबंद माणसाच्या प्रत्येक पेशीत अन्नाचा हिशेब ठेवत असतो. पोंबेमध्ये टॉरचं एक रूप तापमान वाढवून बंद पाडता येईल, असे वाण तयार करण्यात आले. त्या पेशींच्या चहूबाजूंनी अन्न होतं, पण टॉर बंद पडताच त्या उपाशी असल्यासारख्या वागल्या. वाढ थांबवून त्या मीलनाच्या मार्गाला लागल्या. अन्न प्रत्यक्षात संपलं आहे की नाही, यापेक्षा पहारेकरी काय सांगतो यावर पेशी चालते, हे त्यातून दिसलं.

नायट्रोजन संपल्यावर पोंबे आणखी एक गोष्ट करते. ती थबकण्याआधी साधारण दोनदा दुभंगते, पण मध्ये वाढतच नाही. त्यामुळे लांबट कांड्यांच्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली आखूड, गुबगुबीत पेशी दिसू लागतात. यामागे नेमकं कारण आहे. मीलन करायचं तर पेशीने डीएनएची प्रत काढण्याआधीच्या टप्प्यावर थांबलं पाहिजे, म्हणजे प्रत्येकीकडे गुणसूत्रांचा एकच संच असेल. हिशेबात दोन संच हवेत, तीन किंवा चार नकोत. वाढत्या पोंबेत हा टप्पा क्षणभरच असतो. उपाशी पोंबे त्या टप्प्यावर येऊन उभी राहते.

आता दुसरी साक्ष.

पोंबेमध्ये नर-मादी नसतात, पण दोन प्रकार असतात. त्यांना पी आणि एम म्हणतात. पीचं मीलन एमशीच होतं. दोघी दिसायला अगदी सारख्या, फरक फक्त त्या सोडत असलेल्या संदेशद्रव्यात. पी पेशी 23 अमिनो आम्लांची एक साधी साखळी सोडते. ती पाण्यात सहज पसरते. एम पेशीचं संदेशद्रव्य फक्त 9 अमिनो आम्लांचं असतं, पण त्याला मेदाचं एक शेपूट जोडलेलं असतं. ते इतकं चिकट असतं की पेशीतून बाहेर पडायला त्याला स्वतंत्र वाहक प्रथिन लागतं. प्रत्येक प्रकाराच्या पेशीवर समोरच्याचं द्रव्य ओळखणारा ग्राही असतो, स्वतःचं ओळखणारा नसतो. त्यामुळे पी पेशींच्या गर्दीतली पी पेशी कितीही उपाशी असली तरी तिला जोडीदाराचा सुगावा लागत नाही. आयोडीनच्या डिशमधला फिकट ठिपका हाच. तिथे सगळ्या एकाच प्रकारच्या पेशी होत्या.

मग काळा ठिपका एकाच पेशीपासून वाढलेला असूनही त्यात दोन्ही प्रकार कुठून आले? लॉइपोल्ड यांच्या 968 या वाणाच्या पेशी आपला प्रकार बदलू शकतात. त्यातल्या जवळजवळ 90 टक्के पेशी बीजाणू तयार करतात, म्हणून या वाणाला एच-90 म्हणतात. दुसऱ्या गुणसूत्रावर पी आणि एम या दोन्ही प्रकारांची माहिती मूक प्रतींच्या रूपात जपून ठेवलेली असते. त्यातली एक प्रत उचलून चालू जागेवर बसवली की पेशीचा प्रकार बदलतो. पण हा बदल मनमानी नाही. एका पेशीच्या चार नातींपैकी एकीचाच प्रकार बदलतो. हा एक-चतुर्थांशाचा नियम का पाळला जातो, याचा उलगडा पंजाबमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले अमर क्लार यांनी केला. डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एका विशिष्ट पट्टीवर एक खूण उमटते आणि डीएनएची प्रत निघताना ती खूण एकाच लेकीच्या वाट्याला येते, असं त्यांनी मांडलं. शेजारी-शेजारी जन्मलेल्या बहिणींमध्ये पी आणि एम अशी जोडी जमते ती यामुळे.

भुकेची आणि शेजाऱ्याची, या दोन्ही साक्षी जिथे एकत्र येतात ती जागा 1991 मध्ये टोकियोत मासायुकी यामामोटो यांच्या गटाने शोधून काढली. ती म्हणजे स्टे-11 नावाचं प्रथिन. ते डीएनएवर बसून मीलनाची आणि पुढच्या सगळ्या सोहळ्याची जनुकं चालू करतं. ज्या पेशीत ते बिघडलेलं असतं, ती कितीही उपाशी राहिली तरी वांझच राहते.

स्टे-11 भोवती इतकी कुलुपं आहेत की एकेक मोजत बसावं लागतं. ग्लुकोज असेल तर पीकेए त्याचं जनुकच चालू होऊ देत नाही. नायट्रोजन असेल तर टॉर त्याला आडकाठी करतो. पॅट-1 नावाचं विकर त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं, आणि असा शिक्का बसलेलं स्टे-11 केंद्रकाच्या बाहेरच अडकून पडतं. पेशी विभाजनाच्या चक्रात पुढे सरकली असेल तर विभाजन चालवणारं विकर आणखी एक शिक्का मारतं, मग स्टे-11 ला डीएनए पकडताच येत नाही. भूक लागली, पेशी योग्य टप्प्यावर थांबली, की ही कुलुपं एकामागून एक निघतात. मग थोडं स्टे-11 तयार होतं आणि ते संदेशद्रव्याची व ग्राहींची जनुकं चालू करतं. म्हणजे उपाशी झाल्यावरच पेशीला शेजाऱ्याची हाक ऐकू यायला लागते, आणि तिची स्वतःचीही हाक तेव्हाच बाहेर पडते.

शेजाऱ्याचं संदेशद्रव्य ग्राहीवर येऊन टेकलं की आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात. शेवटचं जे विकर जागं होतं, ते परत स्टे-11 कडेच येतं आणि त्याला आणखी जोर देतं. जोर आलेलं स्टे-11 स्वतःच्याच जनुकाला चालना देतं. अशी ही चढती साखळी असते. भुकेने दार किलकिलं होतं, शेजाऱ्याच्या प्रतिसादाने ते सताड उघडतं. समोरून उत्तरच आलं नाही तर दार किलकिलंच राहतं आणि पेशी शांतपणे उपासमारीला तोंड देत पडून राहते. पुन्हा अन्न मिळालं तर ती सरळ वाढीला लागते.

प्रत्यक्ष भेट फार हळुवार होते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे सोफी मार्टिन यांच्या प्रयोगशाळेने 2013 मध्ये दाखवलं की संदेशाचं प्रमाण कमी असताना पेशीच्या कडेवर एक छोटा सक्रिय ठिपका उमटतो, विरतो आणि दुसरीकडे उमटतो. जणू अंधारात चाचपडणारा हात. जिथे शेजाऱ्याचं संदेशद्रव्य दाट लागतं तिथे हा ठिपका स्थिरावतो आणि पेशी त्या बाजूला वाढू लागते. पी पेशीची हाक सगळीकडे पसरून दिशाच कळेनाशी होऊ नये, म्हणून एम पेशी पीच्या संदेशद्रव्याचे तुकडे करणारं विकरही बाहेर सोडते. जुनी हाक पुसली जाते, ताजी हाक कुठून आली ते कळतं.

दोघींची टोकं भिडल्यावर खरा धोका सुरू होतो. पोंबेच्या पेशीच्या आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कित्येक पट असतो, आणि तो पेशीभित्तिकेनेच धरून ठेवलेला असतो. मीलनासाठी हीच भित्तिका दोन्ही बाजूंनी विरघळवायची असते, तीही नेमकी एकमेकींसमोर. समोर कुणी नसताना भोक पडलं तर पेशी फुटते. संदेशाला आवर घालणारी यंत्रणा बिघडलेल्या वाणांमध्ये हे खरोखर दिसतं. जोडीदार नसतानाच पेशी भित्तिका पोखरायला लागतात आणि फुटून मरतात. दुसऱ्या साक्षीला एवढं महत्त्व का, हे या मेलेल्या पेशी सांगतात.

एकदा दोन पेशी मिसळल्या की पुढचा प्रश्न पडतो. आता आपण दोन झालो आहोत, हे पेशीला कळतं कसं? पी पेशीतून आलेलं एक प्रथिन आणि एम पेशीतून आलेलं दुसरं, ही दोन्ही एकाच पेशीत पहिल्यांदाच भेटतात. त्यांची जोडी जमली की मेइ-3 नावाचं छोटं प्रथिन तयार होतं. मेइ-3 जाऊन पॅट-1 ला पकडतं. पॅट-1 आवळलं गेलं की त्याने आजवर दाबून ठेवलेलं मेइ-2 मोकळं होतं, आणि मेइ-2 अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांचे संच निम्मे करून बीजाणू घडवणारं विभाजन, सुरू करतं. दोन पालकांकडून आलेल्या प्रथिनांची ही जोडी मीलनानंतर लगेच कामाला लागते आणि आणखी तिसऱ्या पेशीशी मीलन होण्याचा मार्गही बंद करते, हे 2018 मध्ये लोझानच्याच गटाने दाखवून दिलं.

पॅट-1 किती मोलाचं आहे, हे 1985 च्या सुमारास टोकियोत आणि इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे झालेल्या कामातून कळलं. पॅट-1 मध्ये असा बदल केला की 34 अंश सेल्सिअसला ते निकामी व्हावं. मग डिश गरम केली. पेशी उपाशी नव्हत्या, त्यांना जोडीदार नव्हता, गुणसूत्रांचा एकच संच होता. तरी त्यांनी अर्धसूत्री विभाजन सुरू केलं. ज्या गुणसूत्रांना जोडीच नाही ती वाटायची कशी? वाटणी चुकली आणि बहुतेक पेशी मेल्या.

इथे आणखी एक विलक्षण सावधगिरी आहे. अर्धसूत्री विभाजनाच्या काही जनुकांचे संदेश पोंबे एरवीही तयार करत असते. पण एमएमआय-1 नावाचं प्रथिन ते संदेश ओळखून लगेच नष्ट करायला लावतं. योग्य वेळ आली की मेइ-2 एका आरएनए रेणूच्या मदतीने केंद्रकात एक ठिपका तयार करतं आणि एमएमआय-1 ला त्या ठिपक्यात डांबून ठेवतं. मग संदेश वाचतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा एकच चमकता ठिपका दिसला, की आत काय सुरू झालंय ते कळतं.

त्यानंतरचं दृश्य पाहणाऱ्याला विसरता येत नाही. मिसळलेल्या पेशीचं केंद्रक लांबुळकं होऊन पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागतं. पुढे गुणसूत्रांची टोकं, मागे सारा पसारा, म्हणून याला घोड्याच्या शेपटीची उपमा मिळाली. जपानी शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये हे जिवंत पेशीत टिपलं. या ओढाताणीत दोन पालकांची सारखी गुणसूत्रं एकमेकांशेजारी येतात आणि तुकड्यांची देवाणघेवाण करतात. शेवटी एका पिशवीत चार बीजाणू ओळीने बसलेले दिसतात.

पावाच्या यीस्टने, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसीने, याच दोन साक्षी वापरल्या, पण मांडणी निराळी केली. या दोन यीस्टची वंशावळ तीसेक कोटी वर्षांहून आधी वेगळी झाली आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओय्विंड विंगे यांनी 1935 मध्ये या यीस्टच्या आयुष्यातले एकसंची आणि द्विसंची असे दोन टप्पे दाखवले. ते जोडीदाराशी भरल्या पोटीच मीलन करतं आणि मग द्विसंची अवस्थेत दिवस काढतं. भुकेची वाट ते फक्त अर्धसूत्री विभाजनासाठी पाहतं. नायट्रोजन संपला, ग्लुकोज संपलं आणि अॅसिटेटसारखं कसंबसं भागवणारं अन्न उरलं, की त्याचं आयएमई-1 हे जनुक चालू होतं. पण त्यालाही दुसरी साक्ष लागते. दोन्ही पालकांकडून आलेली प्रथिनं पेशीत एकत्र असल्याशिवाय आयएमई-1 वरचं कुलूप निघत नाही. त्यानंतरही काही वेळ माघार घेता येते. मधेच अन्न मिळालं तर पेशी परत वाढीला लागते. एनडीटी-80 नावाचं प्रथिन पुरेसं जमलं की मात्र परतीची वाट बंद होते.

गोव्यातले पदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी माडाची ताजी सूर घालून पाव फुगवत. सुरेत रानटी यीस्ट असतातच, पण कणकेत अन्नाची रेलचेल असल्यामुळे ती तिथे नुसती वाढत राहतात. उपास घडतो तो बाहेर, फळाच्या सालीवर किंवा किड्याच्या पोटात. इटलीतल्या संशोधकांनी गांधीलमाशांच्या आतड्यात पावाच्या यीस्टचे वाण हिवाळाभर टिकतात हे 2012 मध्ये दाखवलं, आणि पुढे तिथे त्यांचं मीलनही होतं हे सिद्ध केलं.

या एकपेशी जिवाच्या निर्णयाचे धागे थेट माणसापर्यंत येतात. संदेशद्रव्याची खबर आत नेणारी पोंबेची साखळी आणि माणसाच्या पेशीला वाढीचा हुकूम देणारी साखळी एकाच घडणीच्या आहेत. पोंबेच्या साखळीत रास नावाचं प्रथिन असतं. माणसाच्या रास जनुकात बिघाड झाला की तो अनेक कर्करोगांना कारण ठरतो. 1990 मध्ये लंडनमध्ये वाय गुणसूत्रावर नर ठरवणारं एसआरवाय हे जनुक सापडलं, तेव्हा त्याच्या रचनेशी जुळणारं प्रथिन शोधताना एक नाव पुढे आलं. ते होतं पोंबेच्या एम प्रकाराची ओळख ठरवणारं प्रथिन. डीएनएला धरण्याची दोघांची पकड एकाच साच्यातली आहे. स्टे-11 सुद्धा त्याच कुळातलं.

वाफ दिलेल्या डिशसोबत त्याच वसाहतींची, वाफ न दिलेली जोडडिश ठेवलेली असते. तिच्यातल्या काळ्या ठरलेल्या वसाहतीचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा कण उचलून ग्लुकोज आणि अमोनियम असलेल्या ताज्या द्रवात टाकला, की चार भिंतींआड निजलेल्या बीजाणूंना ग्लुकोजची चाहूल लागते. काही तासांत ते फुगतात, एका बाजूने कोंब काढतात आणि पुन्हा कांडीसारखे लांब होऊन मधोमध दुभंगू लागतात. त्या द्रवात आता पी आहेत आणि एमही आहेत, अगदी एकमेकींना खेटून. पण नायट्रोजन भरपूर आहे, टॉर जागा आहे, स्टे-11 बंद आहे. कुणी कुणाला हाक मारत नाही.